हातातोंडाशीं आलेला विश्वचषक

हॉलंडमधील आम्स्टर्डॅम शहराला लागून आम्स्टेलवेन नांवाचें गांव आहे. तेथील हॉकीच्या मैदानावर २ सप्टेंबर १९७३ रोजीं दुसऱ्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूस यजमान हॉलंडचा संघ होता, दुसऱ्या बाजूस भारताचा. खेळ सुरू होऊन फारसा वेळ झाला नव्हता, तोंच भारताचे दोन गोल झाले आणि हॉलंडच्या नांवावर एकहि नव्हता. सामना संपला तेव्हां मात्र चषक हॉलंडच्या हातीं गेला होता. हातातोंडाशीं आलेला घास जाणें म्हणजे काय, याचें याहून चोख उदाहरण खेळांच्या इतिहासांत सहसा सांपडणार नाहीं.

भारतीय हॉकीच्या वाट्याला याहून मोठे पराभव आले आहेत. १९८२ सालीं दिल्लींतील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत भारत पाकिस्तानकडून ७-१ असा हरला. १९८६ च्या विश्वचषकांत तर बारा संघांमध्यें भारताचा क्रमांक बारावा लागला. अशा पराभवांचीं कारणें शोधावीं लागत नाहींत. तीं उघड दिसतात. १९७३ च्या पराभवाचें तसें नाहीं. तो संघ दुबळा नव्हता, त्याच्या खेळांत उणीव नव्हती, आणि सत्तर मिनिटांच्या खेळांत किंवा त्यानंतरच्या जादा वेळांतहि तो हरला नव्हता. मग तो अजिंक्य कां ठरला नाहीं? या प्रश्नाला ‘दैव आडवें आलें’ असें एका वाक्यांत उत्तर देण्याची रीत पडली आहे. परंतु त्या सामन्याचा आणि त्यापूर्वींच्या वीस वर्षांचा हिशेब नीट मांडून पाहिला, तर दैवाच्या वाट्याला फार थोडें उरतें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, हॉलंडच्या भूमीवर भारतानें हॉकी खेळण्याची ती पहिली वेळ नव्हती. भारताची हॉकींतील सारी कीर्तिच मुळीं त्या भूमीवर उदयास आली होती. १९२८ सालीं आम्स्टर्डॅम येथें ऑलिंपिक सामने भरले. त्यांसाठीं भारताचा संघ मुंबईहून बोटीनें निघाला, तेव्हां त्याला निरोप द्यावयास धक्क्यावर अवघीं तीन माणसें हजर होतीं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या संघानें पांच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकहि होऊं दिला नाहीं. त्या २९ पैकीं १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. अंतिम सामन्यांत समोर हॉलंडचाच संघ होता. त्याला भारतानें ३-० असें हरविलें. हाच संघ परत आला, तेव्हां मुंबईच्या धक्क्यावर लोकांची रीघ लागली. तीन माणसांपासून त्या गर्दीपर्यंतचें अंतर कांहीं महिन्यांचें होतें. परंतु तेवढ्या काळांत या देशाला जगांत मिरवावयास एक खेळ मिळाला.

पुढें १९३२ व १९३६ सालीं, आणि युद्धानंतर १९४८, १९५२ व १९५६ सालीं, ऑलिंपिकचें सुवर्णपदक भारताकडेच आलें. १९४८ सालीं लंडनमध्यें, स्वातंत्र्य मिळून एक वर्ष होत असतां, भारतानें ब्रिटनच्या संघाला त्याच्याच राजधानींत ४-० असें हरविलें. त्या संघांत लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ असे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले खेळाडू होते. १९५२ सालीं हेलसिंकी येथें पुन्हां हॉलंडचीच गांठ पडली. तो सामना भारतानें ६-१ असा जिंकला आणि त्यांतील पांच गोल बलबीरसिंग यांनीं केले. त्या हरलेल्या डच संघांत रूपी क्रुइझे नांवाचा एक खेळाडू होता. हें नांव लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

या सहा विजयांनीं देशांत एक समजूत घट्ट रुजली. हॉकी म्हणजे मनगटाची कला, आणि ती कला आपल्याकडे उपजत आहे, ही ती समजूत. काठीला चिकटल्यासारखा चेंडू घेऊन धांवणें, दोघांतिघांना हुलकावणी देणें, आखूड पल्ल्याच्या अचूक पासांनीं बचाव उसवणें, हा भारतीय खेळाचा आत्मा होता. या समजुतींत खोटें कांहीं नव्हतें. फक्त ती अपुरी होती, आणि ती अपुरी असल्याच्या खुणा १९५६ पासूनच दिसूं लागल्या होत्या.

त्या सालीं मेलबर्न येथें अंतिम सामन्यांत भारतानें पाकिस्तानला हरविलें, परंतु फक्त १-० असें. तो एकमेव गोल आघाडीच्या कोणा चपळ खेळाडूनें केला नाहीं. तो रणधीरसिंग जंटल या फुलबॅकनें शॉर्ट कॉर्नरवर केला. १९६० सालीं रोम येथें पाकिस्ताननें भारताला १-० असें हरविलें. १९२८ पासून ऑलिंपिकमध्यें एकहि सामना न हरलेल्या भारताचा तो पहिला पराभव. १९६४ सालीं टोकियो येथें भारतानें त्याची फेड केली, तीहि १-० अशीच. त्या सामन्यांत पृथिपालसिंग यांनीं शॉर्ट कॉर्नरवर मारलेला चेंडू गोलरेषेवर पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागून अडला. त्याबद्दल भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनीं त्यावर गोल केला. म्हणजे १९५६ आणि १९६४ चीं दोन्ही सुवर्णपदकें भारताला मिळालीं तीं वाहत्या खेळांतून नव्हेत; चेंडू थांबला असतां घेतलेल्या फटक्यांनीं तीं मिळालीं.

हॉकीशीं ज्यांचा निकटचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं येथें थोडा खुलासा अवश्य आहे. बचाव करणाऱ्या संघानें आपल्या गोलासमोरच्या अर्धवर्तुळांत नियमभंग केला, म्हणजे चढाई करणाऱ्या संघास शॉर्ट कॉर्नर मिळतो. एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू अर्धवर्तुळाच्या कडेपर्यंत ढकलतो, दुसरा तो अडवून निश्चल करतो, आणि तिसरा सर्व ताकदीनिशीं तो गोलाकडे मारतो. त्या काळीं चेंडू हातानें अडविण्याची मुभा होती. हें सारें दोनतीन सेकंदांत घडतें. यांत हुलकावणीला जागा नाहीं. तिघांचा मेळ, एकच हालचाल शेकडों वेळां करून अंगीं बाणलेली अचूकता आणि फटक्यांतील जोर, एवढ्यावर यश अवलंबून असतें. पेनल्टी स्ट्रोक याहूनहि सोपा दिसतो. गोलासमोर कांहीं यार्डांवर चेंडू ठेवलेला. एक मारणारा, एक गोलरक्षक, मध्यें तिसरें कोणी नाहीं. चेंडू एकदांच ढकलावयाचा. सरावाच्या मैदानावर हें काम कोणीहि चांगला खेळाडू सहज करतो. निर्णायक क्षणीं, हजारों डोळे आपल्यावर खिळले असतां तें करणें ही निराळी विद्या आहे, आणि तीहि शिकावी लागते.

युरोपांतील संघांनीं ही विद्या मन लावून हस्तगत केली. मनगटाच्या कलेंत भारत-पाकिस्तानची बरोबरी करणें अवघड आहे, हें त्यांनीं ओळखलें आणि निराळी वाट धरली. शरीराचा दमसास, एकेका प्रतिपक्षी खेळाडूवर एकेकाचा पहारा, आणि शॉर्ट कॉर्नर, या तीन गोष्टींवर त्यांनीं भर दिला. १९६८ सालीं मेक्सिकोमध्यें भारत उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाकडून हरून तिसरा आला. १९७२ सालीं म्यूनिक येथें उपांत्य सामन्यांत पाकिस्ताननें भारताला २-० असें हरविलें आणि भारताच्या वाट्याला पुन्हां कांस्यपदक आलें. त्या स्पर्धेचा अंतिम सामना पश्चिम जर्मनीनें पाकिस्तानविरुद्ध १-० असा जिंकला. तो एकुलता एक गोल मिखाएल क्राउझे यानें शॉर्ट कॉर्नरवर केला. १९२८ पासूनचीं सारीं ऑलिंपिक सुवर्णपदकें भारतानें किंवा पाकिस्ताननें पटकाविलीं होतीं. त्या मक्तेदारीचा शेवट थांबलेल्या चेंडूवरील एका फटक्यानें झाला. हा इशारा स्पष्ट होता. परंतु इशारा ऐकूं येणें आणि तो मनावर घेणें यांत अंतर असतें.

विश्वचषक स्पर्धा तेव्हां नुकतीच जन्मली होती. तिची कल्पना पाकिस्ताननें मांडली, चषकहि पाकिस्तानांतच घडविला गेला, आणि १९७१ ची पहिली स्पर्धा तेथेंच व्हावयाची होती. परंतु दोन्ही देशांतील संबंध त्या वर्षीं विकोपाला गेले होते, आणि भारतीय संघानें तेथें खेळण्याला पाकिस्तानांत तीव्र विरोध झाला. म्हणून स्पर्धा स्पेनमधील बार्सेलोना शहरीं हलविण्यांत आली. तेथें भारत उपांत्य सामन्यांत पाकिस्तानकडून २-१ असा हरला व तिसरा आला. चषक पाकिस्ताननें जिंकला. या पार्श्वभूमीवर १९७३ सालीं एम्. पी. गणेश यांच्या नेतृत्वाखालीं भारताचा संघ हॉलंडला गेला.

गुणवत्तेच्या दृष्टीनें पाहतां असा संघ रोज जमत नाहीं. कर्णधार गणेश आणि आघाडीचे वेगवान खेळाडू बी. पी. गोविंदा हे दोघेहि कूर्गचे. त्या डोंगराळ मुलखांत हॉकी घराघरांत खेळली जाते. सेंटर हाफ अजितपालसिंग पंजाबांतील संसारपूरचे. या एका लहानशा खेड्यानें देशाला अनेक ऑलिंपिक खेळाडू दिले आहेत. १९७१ सालीं संघाचें नेतृत्व त्यांच्याकडे होतें. संघाचा सारा डोलारा त्यांच्या शांत, अचूक खेळावर उभा असे. बचावांत मायकेल किंडो होते. ते छोटा नागपूरच्या आदिवासी मुलखांतले. १९२८ च्या संघाचे कर्णधार जयपालसिंग हेहि त्याच मुलखाचे. डाव्या बाजूस हरचरणसिंग होते. आघाडीवर झांशीचे अशोककुमार होते. हे ध्यानचंदांचे चिरंजीव. आणि फुलबॅकच्या जागीं सुरजितसिंग हे उंचेपुरे पंजाबी जवान होते. शॉर्ट कॉर्नरवरील त्यांचा फटका भल्याभल्या गोलरक्षकांना भारी जात असे.

या संघानें उपांत्य सामन्यांत पाकिस्तानला १-० असें हरविलें. १९७१ व १९७२ अशीं लागोपाठ दोन वर्षें ज्याच्यापाशीं घोडें अडलें होतें, तोच प्रतिस्पर्धी दूर झाला होता. पाकिस्तानचा काटा निघाला कीं बाकीचें काम सोपें, हा भारतीय हॉकींतला जुना हिशेब होता. तो हिशेब आतां लागू पडत नव्हता, कारण अंतिम सामन्यांत समोर युरोपांतला संघ उभा होता, आणि तोहि स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. पंचेचाळीस वर्षांपूर्वीं याच परिसरांत भारतानें डचांना हरवून पहिलें सुवर्णपदक मिळविलें होतें, हें दोन्ही देशांतील जुन्या लोकांना आठवत असणारच.

सामन्याचा आरंभ भारतानें स्वप्नांत घडावा तसा केला. पहिल्या कांहीं मिनिटांतच सुरजितसिंग यांनीं एकापाठोपाठ दोन गोल केले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत अशी आघाडी मिळाल्यावर सामना निम्मा जिंकल्यासारखाच असतो. परंतु हॉलंडचा संघ खचला नाहीं. त्याच्या वतीनें एक तरुण खेळाडू पुढें आला. त्यानें एक गोल फेडला, मग दुसराहि फेडला, आणि २-२ अशी बरोबरी झाली. या खेळाडूचें नांव टीस क्रुइझे. हेलसिंकीच्या पराभूत डच संघांतील रूपी क्रुइझे यांचा हा मुलगा. एका बाजूस ध्यानचंदांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूस क्रुइझेंचा मुलगा, असे दोन पिढ्यांचे वारस त्या दिवशीं एकाच मैदानावर होते. पित्यांचा काळ भारताचा होता. मुलांच्या काळांत तराजू समतोल झाला होता.

सत्तर मिनिटें संपलीं आणि जादा वेळ सुरू झाला. नियम असा होता कीं, यांत जो संघ पहिला गोल करील तो जिंकला, सामना तेथेंच संपला. या जादा वेळांत भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. गोल झाला असता तर त्याच क्षणीं भारत जगज्जेता ठरला असता. स्ट्रोक घेण्यास गोविंदा पुढें झाले. गोल झाला नाहीं. जादा वेळहि बरोबरींतच सरला. मग निकाल लावण्यासाठीं दोन्ही संघांना आळीपाळीनें पेनल्टी स्ट्रोक देण्यांत आले. त्यांत हॉलंडनें चार गोल केले, भारताला दोनच करतां आले. चषक हॉलंडचा झाला.

या पराभवाची आठवण निघते तेव्हां बहुतेक वेळीं तो हुकलेला एक स्ट्रोकच पुढें येतो. माणसाच्या स्मृतीची ही रीतच आहे. गुंतागुंतीच्या घटनेला ती एक क्षण आणि एक माणूस शोधून काढते आणि सारें ओझें त्याच्या खांद्यावर टाकते. परंतु यांत न्याय नाहीं. दोन गोलांची आघाडी टिकविणें हें अकरा जणांचें काम होतें. बरोबरी झाल्यावर उरलेल्या वेळांत तिसरा गोल करणें हेंहि अकरा जणांचेंच काम होतें. आणि अखेरच्या स्ट्रोकांत एकाहून अधिक भारतीय खेळाडूंचा नेम चुकला, म्हणून तर निकाल ४-२ असा लागला. तेवढ्या मोठ्या दडपणाखालीं स्ट्रोक घेण्यास जो पुढें होतो, त्याचें धैर्य निदान मान्य केलें पाहिजे.

मग दोष दैवाचा म्हणावा काय? येथें गोलांच्या यादीकडे पुन्हां एकदां पाहणें बोधप्रद होईल. त्या दिवशीं भारताच्या आघाडींत अशोककुमार होते, हरचरणसिंग होते, गोविंदा होते. जगांतील कोणत्याहि संघानें हेवा करावा असे हे खेळाडू. परंतु त्यांतील एकाचेंहि नांव गोल करणारांच्या यादींत नाहीं. भारताचे दोन्ही गोल एका फुलबॅकनें केले, आणि तो शॉर्ट कॉर्नरचा तज्ज्ञ होता. हॉलंडचे दोन्ही गोल क्रुइझे यानें केले. शॉर्ट कॉर्नरवरील जबरदस्त फटक्याबद्दल तोहि पुढें जगभर गाजला. त्यानंतर सामन्याचा कौल पेनल्टी स्ट्रोकांनीं लावला. ज्या कलेवर भारताचें नांव झालें होतें, ती कला त्या दिवशीं मैदानावर भरपूर होती; फलकावर मात्र ती उमटली नाहीं. खेळ बदलला होता. वाहत्या खेळांत वरचढ असणें आतां पुरेसें नव्हतें. कडक पहाऱ्यांतून धांवता चेंडू गोलांत जाणें कठीण झालें होतें, आणि थांबलेला चेंडू निकाल ठरवूं लागला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, पेनल्टी स्ट्रोक म्हणजे नाणें उडविण्यासारखेंच; त्यांत विद्या कसली? हें म्हणणें टिकत नाहीं. नाणें उडविणाराला सराव करून कांहीं साधत नाहीं. स्ट्रोक घेणाराला साधतें. जें सरावानें सुधारतें तें दैव नव्हे. त्यांत दैवाचा अंश असतो, हें खरें. परंतु तो अंश किती राहूं द्यावयाचा, हें तयारीच्या काळांत ठरतें. भारताची गुणवत्ता निसर्गानें व परंपरेनें दिली होती. तिला या कोरड्या, कंटाळवाण्या सरावाची जोड देण्याची व्यवस्था मात्र देशांतील हॉकीनें तोंपर्यंत मनापासून उभी केलेली नव्हती.

या विवेचनाला १९७५ च्या स्पर्धेनें बळकटी मिळते. त्या सालीं क्वालालंपूर येथें तिसरी विश्वचषक स्पर्धा झाली. कर्णधार पुन्हां अजितपालसिंग, आणि व्यवस्थापक हेलसिंकीचे नायक बलबीरसिंग. उपांत्य सामन्यांत मलेशियाविरुद्ध भारत एका गोलानें मागें होता आणि वेळ संपत आली होती. त्या वेळीं शॉर्ट कॉर्नर मिळाला. तो मारण्यासाठीं म्हणून अस्लम शेरखान या बदली खेळाडूस मैदानावर पाठविण्यांत आलें, आणि त्यानें गोल केला. जादा वेळांत हरचरणसिंगांच्या गोलानें भारत ३-२ असा जिंकला. अंतिम सामना १५ मार्च १९७५ रोजीं पाकिस्तानशीं झाला. पहिला गोल पाकिस्तानचा झाला. सुरजितसिंगांनीं शॉर्ट कॉर्नरवर त्याची परतफेड केली, आणि नंतर अशोककुमारांच्या गोलानें भारतानें २-१ असा विश्वचषक जिंकला. दोन वर्षांपूर्वीं थांबलेल्या चेंडूनें जें हिरावून नेलें होतें, तेंच आतां बऱ्याच अंशीं थांबलेल्या चेंडूनें परत आणून दिलें. आम्स्टेलवेनच्या दुःखांतून त्या खेळाडूंनीं धडा घेतला होता.

खेद इतकाच कीं, खेळाडूंनीं जो धडा घेतला तो देशांतील हॉकीनें घेतला नाहीं. विजयाच्या आनंदांत १९७३ चा पराभव म्हणजे केवळ अपघात होता, असें सर्वांनीं धरून चाललें. वस्तुतः विजय व पराभव या दोहोंतून एकच गोष्ट सिद्ध होत होती. हॉकी हा आतां तयारीचा, यंत्रवत् सरावाचा आणि नव्या साधनांचा खेळ झाला होता. दुसऱ्याच वर्षीं, १९७६ सालीं, माँट्रिऑल येथें ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. विश्वविजेता भारत तेथें सातवा आला. गवताच्या उंचसखल मैदानावर चेंडू काबूंत ठेवण्याची जी कसबी कला, तिचें मोल त्या सपाट, वेगवान पृष्ठभागावर एकदम कमी झालें. श्रीमंत देशांनीं तशीं मैदानें भराभर बांधलीं. भारतांतील मुलें मात्र कितीतरी वर्षें गवतावर आणि मातीवरच खेळत राहिलीं. १९८० सालीं मॉस्को येथें भारतानें सुवर्णपदक मिळविलें खरें, परंतु त्या स्पर्धेंत बहिष्कारामुळें अनेक बलाढ्य संघ नव्हते. १९८२ चा विश्वचषक मुंबईंत झाला. घरच्या मैदानावरहि भारत पांचवाच आला. १९७५ नंतर २०२३ पर्यंत झालेल्या एकाहि विश्वचषकांत भारताला पदक मिळालें नाहीं.

या कहाणीला अलीकडच्या काळांतील एक पुरवणी जोडण्यासारखी आहे. बरोबरींतील सामन्याचा निकाल पेनल्टी स्ट्रोकांनीं लावण्याची पद्धति पुढें मोडींत निघाली. तिच्या जागीं आतां एक खेळाडू चेंडू घेऊन धांवत येतो, एकट्या गोलरक्षकाशीं त्याचा सामना होतो, आणि आठ सेकंदांत गोल करावा लागतो. २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकच्या उपउपांत्य सामन्यांत एक खेळाडू बाहेर काढला गेल्यामुळें भारताला बराच वेळ दहा जणांनिशीं ब्रिटनशीं झुंजावें लागलें. तो सामना १-१ असा बरोबरींत सुटला, आणि या नव्या पद्धतीच्या झटापटींत भारत ४-२ असा जिंकला. आम्स्टेलवेनला विरुद्ध लागलेला तोच आंकडा एकावन्न वर्षांनीं भारताच्या बाजूनें लागला. नंतर कांस्यपदकासाठीं स्पेनला भारतानें २-१ असें हरविलें. ते दोन्ही गोल कर्णधार हरमनप्रीतसिंग यांचे, दोन्ही शॉर्ट कॉर्नरवरचे. रणधीरसिंग जंटल आणि सुरजितसिंग यांच्याप्रमाणें तेहि फुलबॅकच. जी विद्या शिकावयास हवी होती, ती शेवटीं शिकली गेली. फक्त शिकण्यास फार वर्षें लागलीं.

सुरजितसिंग हें पाहावयास राहिले नाहींत. १९८४ च्या जानेवारींत मोटारीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. जालंदरचें हॉकीचें मैदान आज त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. १९७३ च्या संघाला इतिहासानें उपविजेता म्हणून नोंदविलें आहे, आणि नोंद बरोबर आहे. तो संघ कमी पडला तो गुणांत नव्हे. ज्या थोड्या क्षणांत केवळ गुण पुरत नाहींत, त्या क्षणांची तयारी कमी पडली. आणि ती एकट्या खेळाडूंची जबाबदारी नव्हती. पराभवाचें कारण दैव ठरविलें, कीं त्यांतून शिकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. तें एका माणसाचा दोष ठरविलें, कीं बाकीचे सारे मोकळे सुटतात. दोन्ही उत्तरें सोपीं असतात, आणि म्हणूनच तीं लोकांना आवडतात. आम्स्टेलवेनचा पराभव मात्र त्याहून अवघड उत्तर मागतो, आणि ज्या दिवशीं तें उत्तर मिळतें, त्या दिवसापासून असा पराभव फुकट जात नाहीं.